राखणदाराचं कॉकटेल

आमच्या काजूच्या बागेच्या राखणदाराला मी एकदा कॉकटेल पाजलं.

सुरुवात केली ती माझ्या मेवण्याने, नंदूने. तो बोटीवर नोकरीला. यंदा येताना त्याने मँडरिन संत्र्याच्या गोड लिक्युअरची बाटली आणली आणि विचारलं, "भावोजी, ह्येचा तुमका काय करुक येता?" (मला लिंबाचं सरबतसुद्धा धड जमत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक!)

"बघीत रव! हयल्या मातीतला कॉकटेल करतंय!"

पहिला प्रयोग सोलकढीत. ती फाटली. दुसरा शहाळ्याच्या पाण्यात. नंदूने एक घोट घेतला आणि शांतपणे म्हणाला, "खोकलो बरो होयत."

मग मात्र मी इरेला पेटलो. उरलेल्या लिक्युअरमध्ये कोकमाचं आगळ, आल्याचा रस आणि दोन (बरं, पाच!) हिरव्या मिरच्या चिरून घातल्या आणि सगळं फेणीच्या रिकाम्या बाटलीत भरलं. आठ दिवस मुरायला हवं होतं. तोवर नंदूपासून वाचवायचं कसं? मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: 'राखणीची'. राखणदार म्हणजे बाग राखणारा देव; त्याला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारू देतात, ती 'राखण', आणि त्याच्या बाटलीला हात लावायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

कुणी लावलाही नाही. पण माझे चुलते तात्या, त्यांनी आठ दिवस व्हायच्या आत, अचानक बुधवारीच राखण ठरवली. मी कुडाळला ऑफिसात. माझ्या बायकोने, सुषमाने, ती बाटली भक्तिभावाने बागेत नेली! गेल्या वर्षी अवकाळी पावसाने मोहर झडला होता, त्यामुळे यंदा तिची सारी भिस्त या राखणीवर होती.

फोनवर हे कळताच मी धावतपळत बागेत पोचलो, तेव्हा तात्या राखणदाराच्या पाषाणावर धार सोडत होते. धार गुलाबी! शेवटी मिरचीचा एक तुकडा पाषाणाला चिकटला.

"सुषमा, ही फेणी खंयची गो?"

"घरातलीच, तात्यानू. ह्येंनी चिठ्ठी लावन ठेवललेली."

सगळे माझ्याकडे वळले.

"रे विलास, काय घातलस ह्येच्यात?"

"आगळ... आला... मिरची. आणि नंदून आणलेली संत्र्याची दारू."

सुषमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोहर रवांदे म्हणान मी सकाळपासून उपाशी आसंय, आणि तुमी देवाची मस्करी केल्यात?" मला खरोखर शरम वाटली. नंदू झाडामागे जाऊन हसत होता.

तात्यांनी उरलेलं करवंटीत ओतून माझ्या हातात दिलं. "प्रसाद आसा. आदी तू घी."

मी प्यालो. पुढची दोन मिनिटं मला बाग दिसली नाही.

तात्यांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी होकार द्यायचा असतो. त्यातून सुटका नाही.

"बा देवा म्हाराजा! ह्या येड्यान तुझ्या नावाची चिठ्ठी लावन आपली दारू लपवल्यान!"

"व्हय म्हाराजा!" (यात मीही.)

"हापिसात मोठो सायब, पण अक्कल नाय!"

"व्हय म्हाराजा!" (सुषमाचा आवाज जरा जास्तच खणखणीत.)

"तेची चूक पोटात घाल आणि सुषमाचो मोहर राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्येच्या हातचा कायएक पिवची पाळी परत कोणावर आणू नको रे म्हाराजा!"

या शेवटच्या मागणीला सगळ्यात मोठ्याने 'व्हय म्हाराजा' ओरडलो तो मी. चव फक्त मलाच कळली होती!