एमएचची पाटी

काचेवर बोटाने टकटक, आणि मी काच खाली करायच्या आतच प्रश्न, "कुठल्या तुम्ही?"

लखनौला बदली होऊन आल्यावर तेलीबागेच्या बाजारात माझ्याशी मराठीत बोललेला हा पहिला माणूस. गाडीचा एमएच नंबर पाहून त्यांनी मला गाठलं होतं. साताऱ्याची म्हटल्यावर असे खुलले, की जणू मी त्यांच्या सख्ख्या नात्यातलीच निघाले.

ते अमरावतीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर वृंदावन योजना या वसाहतीत मुलाकडे राहायला आले, ते जुनी गाडी घेऊनच. घरात मराठी सगळ्यांना कळे, बोलत ते एकटेच. म्हणून रविवारी संध्याकाळी बाजारात गाडी लावून तिला टेकून उभे राहत. पाटी वाचून एखादा थांबला, की आठवडाभराचं बोलून घेत.

पण परराज्यातून आणलेल्या गाडीला इथला नंबर घ्यावाच लागतो. मुलगा मागे लागला होता, "पापा, चालान कट जाएगा।" हे म्हणत, "करतो ना!"

मलाही तेच काम होतं, म्हणून आम्ही बरोबर आरटीओत खेटे घातले. एक कागद आणावा, तर दुसऱ्याची मुदत संपलेली. अगदी जीव नकोसा झाला. शेवटी धुराची तपासणी आली.

"अंकल जी, धुआँ बहुत है। फेल हो जाएगी।"

"अच्छा? बहुत बढ़िया!" म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "घाई कशाला, ताई? म्हाताऱ्या गाडीला एवढा खोकला असायचाच."

मुलाने मग स्वतःच गाडी दुरुस्त करून पास करून आणली. यूपीचा नंबर लागला. पुढचे तीन-चार रविवार ते तसेच उभे राहिले, कोणी थांबलं नाही. मग एकदा संकोचून म्हणाले, "ताई, तुमचं नंबराचं काम जरा लांबवता का? तुम्ही सब्जी घ्या. मी तुमच्या गाडीपाशी थांबतो."

मी लांबवलं. पिशव्या घेऊन परतावं, तर हे कुणाला तरी ज्वारीचं पीठ कुठे मिळतं ते रंगून सांगत असायचे. मला फार बरं वाटायचं.

या उन्हाळ्यात ते गेले. मग काम लांबवायला कारण उरलं नाही. राहिलेले खेटे मी एकटीने घातले.

नवी पाटी लावून पहिल्यांदाच बाजारात गेले त्या रविवारी एक मराठी जोडपं माझ्या गाडीशेजारून चाललं होतं. बाई इकडेतिकडे शोधत नवऱ्याला म्हणाली, "काका दिसत नाहीत आज. गाडीपण नाही."

मी आतच बसले होते. हाक मारायला मी काच खाली केली. तोवर ती दोघं गर्दीत पुढे निघून गेली.