डावीकडची झडप

गेशे एल्बेकआजींच्या कोठारात रणगाडा लपवलेला आहे, असं आमच्या गावातलं प्रत्येक पोर शपथेवर सांगतं. बेकरीवाली तर मान पुढे काढून सांगते, "रविवारी त्याला पेट्रोल पाजतात हो त्या!" तिची नक्कल मला हुबेहूब येते. शेवटचा 'हो' नाकातून काढायचा, झालं.

तर ते खोटं आहे. कोठारात बटाटे आहेत, तीन कोंबड्या आहेत आणि फरशीवर खडूने आखलेली, रणगाड्याच्या मापाची एक चौकट आहे. चार मीटर लांब, दोन रुंद. आत दोन खुर्च्या. डावीकडची पुढे, ती चालवणाऱ्याची. उजवीकडची थोडी मागे, बुरुजातल्याची. बाहेरचा रस्ता बघायचा त्यानेच, हुकूम द्यायचा त्यानेच आणि दोन्ही मशीनगनही त्यानेच चालवायच्या. त्यामागे इंजिनाच्या जागी बटाट्यांची पोती. आजी डावीकडच्या खुर्चीत बसून बटाटे सोलतात. त्यांचे वडील हार्म अशाच गाडीत त्याच जागी बसायचे.

आजींनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. वडिलांना त्यांनी कधी पाहिलं नाही, ते गेल्यावर सहा महिन्यांनी त्या जन्मल्या.

एकोणीसशे चौतीस साली हार्म ती गाडी शिकायला गेला, तेव्हा पहिलं महायुद्ध हरलेल्या आमच्या देशाला रणगाडे बनवायला बंदी होती. म्हणून कागदोपत्री तो शेतीचा ट्रॅक्टर होता. हार्मने होणाऱ्या बायकोला, मेटाला, इमानदारीत तसंच कळवलं. मेटा पडली शेतकऱ्याची मुलगी. तिने उलट टपाली लिहिलं, "उत्तम. सुट्टीवर येशील तेव्हा तो घेऊन ये, आमचा बटाट्याचा तुकडा नांगरायचा राहिलाय."

एकोणचाळीसच्या ऑगस्टमध्ये तो 'ट्रॅक्टर' मेटाच्या शेतावरून खरोखर गेला, पण थांबला नाही. मेटा पिवळा रुमाल बांधून रस्त्याच्या डाव्या अंगाला बर्चच्या झाडाखाली उभी होती. मग सरहद्दीवरून पत्र आलं: "बाहेर बघायच्या झडपा बंद होत्या, पण तू मला दिसलीस. रुमाल पिवळा होता." त्यानंतर दहा दिवसांत हार्म पोलंडमधल्या लढाईत मारला गेला. त्या गाडीचा पत्रा तेरा मिलीमीटरचा. रायफलची गोळी अडायची, त्याहून मोठं काही आलं की आरपार.

मेटा ते पत्र दर रविवारी मोठ्याने वाचायची. आणि दर रविवारी तिचा भाऊ म्हणायचा, "त्या डब्यातून काय दिसतंय डोंबल! तुला बरं वाटावं म्हणून लिहिलंय." मेटा गेली, भाऊही गेला, तो प्रश्न तेवढा आजींकडे राहिला.

"पोलंडच्या लोकांनी त्याला बोलावलं नव्हतं," आजी मला म्हणाल्या. "ते मी पुसत नाही, कुणाला पुसूही देणार नाही. मला एवढंच बघायचंय की माझ्या आईला त्याने खरं लिहिलं की खोटं."

"खोटं," मी म्हटलं. "मी शाळेच्या सहलीत म्युझियममधल्या तसल्याच गाडीत बसलेय. समोरच्या फटीतून आमच्या सरांचं पोट दिसलं. फक्त पोट."

"पैज?"

"पैज. हरलात तर मला अख्खा बकव्हीटच्या पिठाचा केक."

"आणि तू हरलीस तर माझी नक्कल माझ्या तोंडावर करायची, फेन्या. माझ्या पाठीमागे करतेस ती."

बेकरीवालीनेच सांगितलं असणार!

आम्ही म्युझियममध्ये गेलो. तिथला मेकॅनिक हिनर्क आजींना तीन वर्षं टाळत होता. "आजी, चौऱ्याऐंशी वय तुमचं. गुडघे बघा, ते दार बघा. आत गेलात तर बाहेर कसं काढू मी तुम्हाला?"

"हिनर्क," आजी शांतपणे म्हणाल्या, "चौथीत असताना बसमध्ये उलटी केलीस, ती कोणी पुसली?"

हिनर्कने गाडीचं बाजूचं दार उघडलं.

आजींना आत जायला पंधरा मिनिटं लागली. एक गुडघा, मग शिवी, मग दुसरा गुडघा. चालवणाऱ्याच्या जागी बसल्यावर त्यांनी आधी लिव्हरना हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग डावीकडे चाचपलं. "हिनर्क, इथे काय आहे?"

"झडप. रंगाने चिकटलीये."

"मग सोडव की!"

सहलीत मी तो सबंध पत्राच समजले होते. हिनर्कने पातळ पात्याने रंग खरवडला, झडपेतली फट मोकळी केली आणि पत्रात होती तशी झडप घट्ट मिटून घेतली. मी पिवळा रुमाल बांधून गाडीच्या डाव्या अंगाला वीस पावलांवर उभी राहिले. गाडी जागची हलणार नव्हती, म्हणून मीच चालत पुढून मागे जायचं ठरलं. दार बंद झालं. आतून काही दिसत नाही याची खात्री होती, म्हणून मी माझ्या नेहमीच्या थाटात चालले: एक हात कंबरेवर, हनुवटी पुढे, उजवा पाय ओढत.

आतून आवाज आला, "कंबरेवरचा हात खाली घे, चोरटे! आणि पाय मी डावा ओढते!"

हिनर्क पोट धरून हसला. दार उघडलं तेव्हा आजी त्या फटीकडेच बघत होत्या.

"दिसतं गं," त्या म्हणाल्या. "रुमालसुद्धा दिसतो."

त्यांना बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. मग बाकावर बसून मी पैज फेडली. घसा जरा दाबायचा, शब्दाचं शेपूट ओढायचं: "आज बस पाच मिनिटं उशिरा, कारण तुम्ही पाच मिनिटं उशिरा!"

आजी हसल्या नाहीत. "ही मी नाही," त्या म्हणाल्या. "ही माझी आई."

त्यांनी पिशवीतून पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्याच आवाजात वाच. सावकाश."

मी वाचलं. केक मिळाला नाही.