सील तुम्ही फोडा

कडुबामामा आमच्याकडं ट्रॅक्टरचं तेल बदलायला यायचे, तेव्हा तेलाच्या कॅनला हात लावायचे नाहीत. बाकी सगळं करायचे. पोतं अंथरून ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपायचे, नट खोलायचे, गाळणी डिझेलनं धुऊन चकाचक करायचे. पण कॅन समोर आला की बाजूला सरकायचे. "सील तुम्ही फोडा भाऊ. ओता बी तुम्हीच." अकरा वर्षं हे असं चाललं. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा मालकाला काम शिकवतोय. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती.

मामा मेंढरांच्या घरातले. पिशोरकडचे. ऐन जवानीत दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगापूरकडं उतरायचे, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. एका दुष्काळात सगळी मेंढरं विकावी लागली आणि ते शहरात एका गॅरेजात नटबोल्ट धुवायला लागले. तिथं पाच-सहा वर्षांत असा हात बसला की इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचे. मग चितेगावच्या अलीकडं आमच्या गावात येऊन राहिले. कमरेला भंडाऱ्याची पिवळी पिशवी, ती कधी सुटली नाही. ट्रॅक्टरखाली शिरतानाही चिमूटभर भंडारा कपाळाला लावून शिरायचे.

मी तेव्हा कंपनीत शिफ्ट करायचो आणि घरची तीन एकर मोसंबी बघायचो. झाडांच्या दोन ओळींतून जाईल असा छोटा ट्रॅक्टर घेतला होता. त्यात गिअर आणि लिफ्ट एकाच तेलावर चालतात. तेल बिघडलं की मागचं अवजार उचलायचं नाव नाही. २०१२ च्या पोळ्याला मामांनी घरासमोर तेल बदललं. शहरातून कॅन तेच घेऊन आले होते, मी ड्युटीवर होतो. संध्याकाळी म्हणाले, "भाऊ, गिअरच्या दांड्याचं रबर फाटलंय. नवीन मिळंपर्यंत पाणी मारू नका. ओल्या फडक्यानं पुसा नुसतं."

पुसा म्हणे. तो माझा पहिला ट्रॅक्टर होता. खंडेनवमीला सगळ्यांच्या गाड्या पूजेला उभ्या राहणार आणि माझाच धुळीनं माखलेला? त्या साली पाऊस झालाच नव्हता. सरकारी टँकर यायचा, आमच्या घरासमोरच्या विहिरीत पाणी सोडायचा, आणि बाया दोर-बादल्या घेऊन तुटून पडायच्या. आंघोळीचं पाणी लोक झाडाला घालत होते. अशा साली गावात ट्रॅक्टर धुवायची सोय नव्हती, आणि तोंडही नव्हतं. म्हणून मी गुपचूप पैठण रोडच्या एका वॉशिंग सेंटरवर नेला आणि फेस लावून, मशीनच्या जोरदार पाण्यानं धुऊन आणला. गावात शिरताना मुद्दाम कच्च्या रस्त्यानं आलो, जरा धूळ बसावी म्हणून. विचारलं तर फडक्यानं पुसला म्हणून सांगितलं. फाटक्या रबरातून पाणी आत तेलात जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

थंडीत लिफ्ट आचके द्यायला लागली. मामांना बोलावलं. त्यांनी खालचा नट काढला. घमेल्यात पडलं ते तेल नव्हतंच म्हणा, दुधाच्या चहाचा रंग होता त्याला. सरळ पाणी होतं त्यात.

माझं डोकं लवकर फिरतं. घरात सगळे मला वचकून असतात, त्याचा एक काळ मला अभिमानही होता. मी ओरडलो, "अर्धं तेल विकलंस आणि पाणी भरलंस का रे त्यात?" त्या दिवशी मी पहिल्यांदा मामा म्हटलं नाही, पहिल्यांदा अरे-तुरे केलं. समोर विहिरीवर टँकरची वाट बघत तीसेक बाया बसल्या होत्या. मामांची बायको म्हाळसाबाई त्यांच्यातच होती. सगळ्यांच्या माना वळल्या.

मामा ट्रॅक्टरवर चढले, गिअरच्या दांड्याचं फाटकं रबर वर केलं. त्याच्या घडीत साबणाचा पांढरा थर वाळून बसला होता. मी खालून बघत होतो, मला स्वच्छ दिसला. आणि त्या क्षणी मला सगळं कळलं, मी खोटं नाही सांगत. मामांनी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, कुठं धुतला व्हता का? जोराचं पाणी मारलं का?"

मी बायांकडं बघितलं. पुढं रिकाम्या घागरी मांडलेल्या. हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. फार तर बाया चार शब्द बोलल्या असत्या.

"नाय," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि अंगठ्यानं तो पांढरा थर पुसून टाकला. धोतराला अंगठा पुसला. तेवढ्यावर तरी मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण भित्र्या माणसाला जास्त जोर चढतो. मी म्हणालो, "नाय घातलं ना पाणी? मग उचल भंडारा."

भंडारा उचलणं, म्हणजे खंडोबाची शपथ घेणं, ही त्यांच्यात साधी गोष्ट नाही. एकदा उचलला की पुढं कुणी शब्द काढत नाही, पण माणसावर तशी वेळ आली हेच लोक जन्मभर लक्षात ठेवतात. मामांनी तेलाचे हात मातीनं घासले. धुवायला पाणी मागितलं नाही. पिशवीतून भंडारा काढून ओंजळीत घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तेलात मी थेंब पाणी घातलं आसंल तर खंडोबा माझं बघून घेईल." म्हाळसाबाई रांगेतून उठली आणि घागर तशीच रिकामी घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन नवीन तेल आणलं तेव्हा मामांनी पहिल्यांदा म्हटलं, "सील तुम्ही फोडा भाऊ."

त्या उन्हाळ्यात निम्मी मोसंबी वाळली. उरलेली झाडं पुढं आम्हीच तोडून टाकली. शहर पैठण रोडनं सरकत आलं, रानात पांढरे खांब रोवून प्लॉट पडले, आणि छोटा ट्रॅक्टर मुरूम पसरायला लागला. मामा दर वेळी येत राहिले. मी दर वेळी ठरवायचो, आज बोलायचं. मग कॅन समोर यायचा आणि मी नुसतं सील फोडून तेल ओतायला लागायचो. गावात मात्र दुसरं कुणी त्यांना एकटं तेल आणायला पाठवलं नाही, हे मी बघत होतो.

शेवटी ट्रॅक्टर विकला. घेणारा गंगापूरकडचा हनुमान नावाचा माणूस, म्हणाला तेल बदलून द्या. मामा आले. थकले होते, सोबत म्हाळसाबाई आली होती. कॅन समोर आला आणि मामा नेहमीसारखे बाजूला सरकले तेव्हा हनुमान हसला. "मामा, मालकाला कशाला कामाला लावता? तुमच्या हातानं ओता की."

मामांनी मान खाली घातली. मला ते बघवलं नाही. मी सांगून टाकलं. धुतलेलं, लपवलेलं, साबण बघितलेलं, भंडारा उचलायला लावलेलं, सगळं. हनुमान कसनुसा होऊन दुसरीकडं बघायला लागला. मी मामांचे पाय धरायला वाकलो, तर ते चटकन ट्रॅक्टरखाली शिरले.

म्हाळसाबाई समोर बघत होती. ती विहीर बुजवून तिथं आता तीन मजली घर झालंय.

"हे त्या दिशी बायांसमोर सांगायचं व्हतं भाऊ," ती म्हणाली. "निम्म्या मेल्या आता. बाकीच्या रानं इकून कुठं कुठं गेल्या. त्यांच्या लेखी माझा माणूस अजून तेलात पाणी घालणाराच हाय."

खालून पाना फिरल्याचा आवाज येत होता. मग मामा म्हणाले, "नट बसला. ओता भाऊ."

मी सील फोडलं.