बाटली पुन्हा उभी राहिली तर

आमच्या तापीकाठच्या गावात बाटलीला निवडणूक लढवावी लागते. हसू नका. दारूचं दुकान हवं की नको, यावर बायकांनी मत द्यायचं. पत्रिकेवर दोन बाटल्या असतात: उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पहिल्या खेपेला प्रचारात मी शाळेच्या ओट्यावर साडीसकट आडवी पडून दाखवलं होतं. आडवी जिंकली आणि माझी धाकटी जाऊ माहेराहून परतली. दीर पिऊन तिला मारायचा. दुकान बंद असेल तरच येईन, एवढीच तिची अट.

मग दुकानवाल्याच्या बाजूने पुन्हा मतदानाचा अर्ज आला. ग्रामसभेत कधी तोंड न उघडणारी जाऊ उठली. "एकदाव व्हयेल लगीन दर साल लावतस का?"

दुकानवाल्याचा माणूस गालात हसला. "वहिनी, काडीमोडबी व्हस ना."

सभा खो खो हसली. जाऊ मटकन खाली बसली. मी तिच्या बाजूने उठले खरी, पण दुकानाला परवानगी देणारा ठरावही याच ग्रामसभेचा होता आणि तो आम्हीच उलटवला होता. आमचा कौल कायमचा आणि त्यांचा तात्पुरता, असं म्हणायला जीभ रेटेना.

मतदानाच्या दिवशी सासूबाई शिक्का मारून ऐटीत बाहेर आल्या. "बाटली आडवी पडनी का पोऱ्याबी आडवा पडस. म्हणीसन मी उभीवर मारा."

हे अपशकुनाचं ज्ञान त्यांना देवळात कुणीतरी दिलं होतं. देवळात तर गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या बसतात! एरवी हा किस्सा मी महिनाभर रंगवला असता. त्या दुपारी जावेलाही सांगायची हिंमत होईना.

मोजणी सुरू झाली. उभी, उभी, आडवी, उभी. प्रत्येक 'उभी'ला जाऊ माझ्या दंडात नखं रुतवत होती.

जेमतेम का होईना, आडवी जिंकली. गुलाल उडाला, मी दोन गिरक्याही घेतल्या. जाऊ हसत होती. तेवढ्यात शेजारून दिराचा आवाज आला. तो अधिकाऱ्याला अगदी अदबीने विचारत होता, "साहेब, आते परत मत कधय मागता ई?"

अधिकारी पुन्हा मतदान मागायचे नियम समजावून सांगू लागले. जाऊ हसायची थांबली आणि कान देऊन ऐकू लागली.