ओडेसाची तिसरी खुर्ची

अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत मी बावीस वर्षं पत्ते वाटले. शहाणे पाहिले, दीडशहाणे तर ढिगाने पाहिले, पण ओडेसा ट्रिंबलसारखी बाई एकच. हॉटेलच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं चादरी मोजून ती निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिचा नवरा क्लेमेंट गेला. मग दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ती माझ्या ब्लॅकजॅकच्या टेबलाशी हजर. खुर्ची ठरलेली, डावीकडून तिसरी. आल्याआल्या मला एक टोमणा मारल्याशिवाय पर्स खाली ठेवायची नाही.

"नोरीन, आज केस तू विंचरलेस की समुद्रावरच्या वाऱ्याने?"

"गप बस म्हातारे, आधी पैसे लाव."

ती पत्ते मोजते हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं, कारण मीही मोजायचे. दिवसभर उभं राहून दुसरं करणार काय! त्यात जादूटोणा काही नाही. पत्त्यांचे सहा कॅट एकत्र पिसून डब्यात ठेवलेले असतात. दुर्रीपासून छक्कीपर्यंत कुठलंही पान पडलं की मनातल्या मनात एक वाढवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा नाहीतर एक्का पडला की एक कमी. सत्ती, अठ्ठी, नव्वीकडे ढुंकून बघायचं नाही. आकडा वर चढला म्हणजे बारकी पानं निघून गेली, डब्यात मोठी उरली. खेळ एकविसाच्या जवळ पोचण्याचा, पार गेलं की बुडाला; त्यात मोठी पानं खेळणाऱ्याच्या फायद्याची. एक्क्याबरोबर राजा आला तर त्याला दीडपट मिळतात, आणि मला मात्र सतरा होईपर्यंत पान ओढायची सक्ती, त्यामुळे मी एकविसाच्या पार जाऊन बुडते. फक्त तो आकडा उरलेल्या कॅटांनी भागायचा. पाच कॅट शिल्लक असताना वर सहा म्हणजे चिल्लर, एकच शिल्लक असताना वर सहा म्हणजे चांदी. तेव्हा ओडेसा पाच डॉलरचे पन्नास करायची. एरवी पाचच.

"चादरींसारखंच आहे गं," ती एकदा मला चहाच्या सुट्टीत म्हणाली. "एक लहान, एक मोठं आलं की जोडी जुळली. सोडून द्यायची. बिनजोडीची तेवढी लक्षात ठेवायची."

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात आमच्या डोक्यावर व्हॉस नावाचा नवा साहेब आला. मोजणाऱ्याला टेबलावरून हाकलायचं नाही, असं आमच्या राज्यातल्या कोर्टाने कॅसिनोंना बजावलेलं. पण पत्ते कधी पिसायचे ते कॅसिनोच्या हातात. व्हॉस माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ती बाई रक्कम वाढवेल तेव्हा मी बोट हलवीन. वाटायचं नाही. आधी सगळे पिसायचे."

सहा कॅट हाताने पिसायचे म्हणजे काय खायचं काम आहे? ओडेसाने पन्नास पुढे सरकवले की व्हॉसचं बोट हलायचं, खेळ थांबायचा आणि बाकीचे जांभया द्यायचे. तिसऱ्या खेपेला शेजारचा ल्यूथर, सेवानिवृत्त न्हावी, चारचौघांत बोलला, "बाई, तुम्ही दुसरीकडे बसा ना. तुमच्यापायी आम्हाला शिक्षा!"

ओडेसाचा चेहरा खर्रकन उतरला. सुट्टीत ती माझ्याजवळ आली. "घरी भिंतींशी किती बोलायचं गं, नोरीन? ही खुर्ची गेली तर मी जाऊ कुठे?" पण माझी नोकरी व्हॉसच्या त्या बोटावर होती. मी घड्याळ बघून टेबलाकडे परतले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या गुरुवारी ती आली आणि पाचाऐवजी दहा लावून बसली. डाव चालला, एकामागून एक राजे, राण्या आणि एक्के पडले, आकडा खाली खाली, उणे चौदा. आता डब्यात नुसता गाळ. आणि ओडेसाने पन्नास पुढे केले! म्हटलं, म्हातारीची मती फिरली. व्हॉसने बोट हलवलं. मी पिसले. ओडेसाने चाळीस शांतपणे मागे घेतले.

अर्ध्या तासाने पुन्हा तेच. आकडा रसातळाला, ओडेसाचे पन्नास, व्हॉसचं बोट. तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी हसू दाबायला जीभ चावली. अहो, वाईट पत्ते आमचा साहेबच तिला फुकटात बदलून देत होता! चांगले असले की ती दहावरून हलायची नाही, म्हणून ते कुणी पिसायचं नाही. फायदा सगळ्या टेबलाला. ल्यूथरसुद्धा जिंकायला लागला आणि ओडेसा दिसली की उठून तिची खुर्ची ओढून द्यायला लागला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

तीन आठवड्यांनी व्हॉस तावातावाने आला. "हे टेबल तोट्यात कसं? नोरीन, तू पिसतेस ना नीट?"

"तुम्ही बोट हलवलंत की लगेच, साहेब. एकदाही चुकले नाही."

तो सकाळभर माझ्या पाठीशी उभा राहिला. ओडेसाने दोनदा पन्नास केले, आणि त्याच्या बोटावर मी पिसले की दोनदा कमी केले. दुसऱ्यांदा त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "मध्येच पिसणं बंद. डबा संपत येईपर्यंत वाटत जा." आणि जाताजाता तिच्याकडे वळून, "बसा, मिसेस ट्रिंबल. हवं तितका वेळ बसा."

मला इतका आनंद झाला की हातातलं पानच निसटलं.

त्याच दिवशी डबा तळाला आला तेव्हा आकडा वर अकरा होता, दीडच कॅट शिल्लक. वर्षातून दोनदा असं जमतं. मी ओडेसाच्या पन्नासांची वाट बघत होते. तिने पाच लावले. पुढच्या डावालाही पाच.

"अगं, आज मोजायचं विसरलीस की काय?" मी ओठ न हलवता विचारलं.

"मोजलंय," ती म्हणाली आणि खुर्चीत आणखी मागे रेलली. "पण आज कुणी उठवत नाहीये ना मला. आज मला नुसतं बसू दे गं."