प्रेमिलाबाईंचं ‘काहीबी चालते’

नागपूरला लागून असलेल्या आमच्या वाडीत ट्रकांच्या हॉर्नशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही, असं आमच्याकडे येणारे पाहुणे म्हणतात. आमच्या गल्लीत येतं. सकाळची कामं आवरत आली की शेजारच्या अंगणातून पीठ आपटल्याचा आवाज सुरू होतो, ओली सतरंजी दगडावर आपटावी तसा जड. प्रेमिलाबाई गजघाटे लंबी रोटीचं पीठ तयार करत असतात. सैल भिजवलेली कणीक ओढायची, आपटायची, पुन्हा ओढायची, ती हातावरून लोंबायला लागेपर्यंत. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत उपरण्याएवढा पातळ करायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मडक्यावर अलगद पसरायचा. मी शेजारी राहून इतकी वर्षं पाहते आहे, पण माझ्या हातात तो गोळा अजून कधी रुमालापेक्षा मोठा झालेला नाही.

चुलीपुढे बसलेल्या प्रेमिलाबाई आणि एरवीच्या प्रेमिलाबाई या दोन वेगळ्या बायका. चुलीपुढे लाकूड कोणतं हवं, जाळ कुठे हवा, याबद्दल त्या कुणाचं ऐकत नाहीत. तिथून उठल्या की त्यांना काहीही चालतं. चहा घेता की कॉफी? काहीबी चालते. इथे बसता की आत? कुठंबी चालते. साडीच्या दुकानात दुकानदार पहिली घडी उलगडतो आणि त्या म्हणतात, “हे चालते.” दुकानदाराचाच चेहरा पडतो.

आतापर्यंत त्या महादेवराव केटररकडे जात. महादेवराव सांगतील त्या लॉनवर मांडवामागे चूल मांडायची आणि शेवटची पंगत उठेपर्यंत तिथून हलायचं नाही. यंदा महादेवरावांनी धंदा गुंडाळला आणि ते मुलाकडे राहायला गेले. दुसरे केटरर बोलावत होते, पण प्रेमिलाबाईंचे गुडघे आता परक्या लॉनवर ताटकळायला तयार नव्हते. लग्नसराईच्या आधी स्वतःची गिऱ्हाइकं मिळाली तर रोट्या आपल्या अंगणात, आपल्या पाटावर बसून करता येणार होत्या. नाही मिळाली तर पुन्हा मांडवामागे.

त्यांची सून मोनाली धंतोलीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. दवाखान्यांच्या वेबसाइट बनवणं हे तिचं काम. हल्ली ती एआयकडून पानं तयार करून घेते. आपल्याला काय हवं ते लिहून द्यायचं, त्याला ती प्रॉम्प्ट म्हणते, आणि यंत्र पान मांडून दाखवतं. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन अंगणात आली. मी तिथेच मेथी निवडत बसले होते.

“आई, तुमच्या रोटीची वेबसाइट बनवू. रंग कोणता ठेवू?”

“कोणताबी.”

“फोटो कसा पायजे?”

“तुले आवडन तसा.”

“अन् लिहू काय त्याच्यात?”

“लिही न काहीबी चांगलं. तू शिकलेली हायस.”

मोनालीने लिहिलं, लंबी रोटीसाठी सुंदर आणि आकर्षक वेबसाइट बनव. यंत्राने बनवली. लाल-सोनेरी पान, वर ‘शाही परंपरेची अस्सल चव’. घागरा घातलेली, नाकात मोठी नथनी असलेली एक गोरीपान बाई हसून तंदूरमधून रोटी काढत होती. रोटी गोल होती. खाली लिहिलं होतं, चोवीस तास सेवा, घरपोच, एका फोनवर.

प्रेमिलाबाईंनी पिठाचे हात दूर धरून पाहिलं. “छान हाय,” त्या म्हणाल्या. “चालते.”

त्यांचं ‘चालते’ दोन तऱ्हेचं असतं. मान एका बाजूला झुकली तर खरंच चालतं. मान सरळ राहिली तर चालत नाही. त्या दिवशी मान सरळ होती, पण मोनालीचं लक्ष स्क्रीनकडे होतं.

फोन मात्र धडाधड आले. एकाला दोन बटर रोट्या आणि पनीर हवं होतं. एका बाईंनी विचारलं, घागरावाल्या काकू स्वतः लग्नात येतात का, फोटोसाठी. मनीषनगरातल्या एका पोराने रोट्या मागवल्या, तीन. प्रेमिलाबाईंच्या तोंडून सवयीने “हो, चालते” निघून गेलं. तीन रोट्यांसाठी त्यांनी चूल पेटवली, मडकं तापवलं आणि त्यांचा मुलगा संघपाल अख्खं नागपूर ओलांडून डबा देऊन आला. आल्यावर हेल्मेट काढत म्हणाला, “आई, त्यानं विचारलं, सोबत सॉस नाही काय.”

आठवडा संपला. फोन पुष्कळ झाले आणि उपयोगाचा एकही नव्हता. दुसऱ्या केटररचा माणूस तेवढ्यात पुन्हा विचारून गेला.

“येतो म्हणून सांगू काय त्याले?” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

मोनाली लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसली. “आई, एक विचारू? मी या घरात नवीन आली, तवा पह्यल्याच हप्त्यात विचारलं, भाजी कायची करू. तुमी काय म्हटलं?”

“काय म्हटलं?”

“काहीबी कर. मी दोडके केले. तुमी खाल्ले. मले वाटलं आईले दोडके लय आवडते. मी हर हप्त्याले दोडके करत गेली, तुमी खात गेल्या. सहा महिन्यानं मामंजी म्हणे, पोरी, तिले दोडके चालत नाही, ते तुया मनासाठी खाऊन राहिली.”

प्रेमिलाबाईंना हसू आवरेना. “तू एवढ्या हौसेनं करत होती वं. कसं सांगू?”

“तसंच हे यंत्र. घरात आलेली नवी सून हाय. हुशार हाय, मेहनती हाय, पण तुमचं घर तिले ठाऊक नाही. तुमी काहीबी म्हटलं का ते दोडकेच करन. अन् लाजाचं काही काम नाही, तिले राग येत नाही.”

प्रेमिलाबाई थोडा वेळ चुलीतली राख सारखी करत राहिल्या. “नव्या सुनेले मंग पह्यले काय सांगा लागते?” त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं. “घरात कोण कोण हाय ते. जेवाले कोण येणार ते.”

“तेच सांगा. मी लिहितो.”

मग त्या बोलत गेल्या आणि मोनाली लिहीत गेली. “सांग तिले का हे पान पाहणारा माणूस लग्नाघरचा हाय. डोक्याले ताप हाय त्याच्या. मोबाइलवर पाहून राहिला, तवा अक्षर मोठं ठेवजो. त्याले गोडगोड नोको सांगू. रोटी मडक्यावरची हाय, लाकडाच्या जाळावरची. पंगतीसाठी हाय, दोघा-तिघांसाठी नाही. दोन दिवस आधी सांगा लागते, पीठ पाहा लागते मले. न्याले तुमीच या, आमच्या अंगणातून. चोवीस तास काही नाही, मी झोपतो रात्री.”

“घरपोच नाही लिहिलं तर गिऱ्हाइक कमी होईन, आई.”

“होऊ दे. तेच तर नोको हाय मले, जाणं-येणं.” हे त्या इतक्या सरळ बोलल्या की मोनालीची बोटं क्षणभर थांबली.

“अन् ते घागरावाली?”

“ते कोण हाय, मले नाही माहीत. काढ तिले.”

रंगाशी आल्यावर सवयीने “को” एवढं तोंडातून निघालं, पण त्यांनी गिळलं. “पिवळा. हळदीसारखा भडक नाही. दुधात हळदीची चिमूट टाकली का येते न, तसा.”

मोनालीने मान वर केली. “तुमाले पिवळा आवडते? मी दर दिवाळीले जांभळी साडी आणून राहिली तुमच्यासाठी.”

“चालते न ते.”

“पुन्हा चालते.”

या वेळी पान बरंचसं नीट आलं. रंग नेमका दुधातल्या हळदीचा. रोटीचं चित्र मात्र यंत्राला काही जमेना. दोन्ही हातांवरून खाली लोंबणारी, असं लिहिलं तर त्याने टॉवेल वाळत घातल्यासारखं काहीतरी काढलं. “पातळ, कडेला जरा भाजलेली” असं जोडलं तर तो टॉवेल जळका झाला. शेवटी मोनालीने दुपारच्या उजेडात आपल्या मोबाइलने सासूचाच फोटो काढला. रोटी हातांवर आणि नजर रोटीवर. कॅमेऱ्याकडे पाहायला त्यांना सवडच नव्हती.

पान लागलं आणि फोन थंडावले. दिवसाकाठी एखादा, तोही चुकून. मोनाली धास्तावली. तिने मला हळूच विचारलं, “काकू, पह्यलंच पान परत लावू काय? निदान फोन तरी येत होते.” प्रेमिलाबाईंनी ऐकलं. “ते फोन माये नव्हते,” त्या म्हणाल्या. “नोको लावू.” पण केटररच्या माणसाचा नंबर त्यांनी पुसला नव्हता, हेही मी पाहिलं होतं.

एका दुपारी कोराडीहून फोन आला. मोनालीने तो स्पीकरवर टाकला. वीज केंद्राच्या कॉलनीतल्या कुणाच्या मुलीचं लग्न होतं, आदल्या संध्याकाळी दीडशे माणसांचं जेवण. सगळं विचारून झाल्यावर माणूस म्हणाला, “तेवढं इथे पाठवून द्या न बाई. जास्तीचे काय असन ते देतो.”

प्रेमिलाबाईंनी मोनालीकडे पाहिलं. मोनालीने मुद्दामच पाहिलं नाही.

“पाठवत नाही गा,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “न्या लागन. दिवेलागणीले या, गरम देतो. येताना टोपला आणा, अन् सुती धोतर आणा झाकाले. प्लास्टिक नोको, घाम सुटते रोटीले.”

पलीकडे कुणाशी तरी बोलणं झालं. मग तो म्हणाला, “वेबसाइटवर लिहिलंच हाय म्हणा न्याले या म्हणून. बरं, येतो. टोपला किती मोठा?”

फोन ठेवल्यावर त्या चुलीपाशी गेल्या आणि विनाकारण मडकं पुसत बसल्या. तो माणूस ठरल्या दिवशी आला, धोतर घेऊन आला, आणि जाताना त्याच टोपल्यातली एक रोटी अंगणातच उभ्याने खाऊन गेला. त्या लग्नातून आणखी दोन घरांचे फोन आले. केटररच्या माणसाला त्यांनी स्वतः फोन करून नाही सांगितलं. सांगताना आवाज जरा बारीक होता, पण सांगितलं. आता लग्नसराई चालू आहे आणि त्या आपल्या पाटावर बसूनच रोट्या करतात. घरात दोडके होतात, मोनाली आणि संघपालपुरते.

परवा आमच्याकडे माझ्या भाच्याचं केळवण ठरलं, म्हणून मी रोट्या सांगायला गेले.

“किती माणसं, ताई?”

“असतील वीस-पंचवीस.”

“वीस का पंचवीस? अन् रस्सा पातळ का घट्ट? पातळ असन तर रोटी जराशी जाड ठेवतो.”

“तुम्ही द्याल ते चालेल हो,” मी म्हणाले.

प्रेमिलाबाईंनी पिठाचा हात परातीवर झटकला. आतून मोनाली हसल्याचं मला ऐकू आलं.

“असं नका म्हणू, ताई,” त्या म्हणाल्या. “बसा. नीट आठवा अन् सांगा.”