देऊळघाटचा गॅस

महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि पीएच.डी.चं काम करायचो. मिथेन आणि हवा तापलेल्या प्लॅटिनमच्या जाळीवरून सोडली, की मिथेन ज्योत न दिसताच जळतो. ते किती तापमानाला सुरू होतं, एवढंच मला मोजायचं होतं.

मिथेन प्रयोगशाळेत करता यायचा, पण थोडा थोडा, आणि काचेची नळी दर वेळी तडकायची. मग देऊळघाटच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याकडे गोबरगॅस आहे असं कळलं. त्यात निम्म्याहून जास्त मिथेनच. विचारलं, तर त्यांनी लगेच हो म्हटलं. दर रविवारी दुपारी मी सायकलवर ट्रकच्या दोन ट्यूब घेऊन जायचो. टाकीचं लोखंडी झाकण आतल्या गॅसनं वर उचललेलं असायचं; त्यावर दगड ठेवले की दाबानं ट्यूब भरायच्या आणि झाकण खाली बसायचं. प्रयोगाआधी तो गॅस चुन्याच्या निवळीतून आणि गंजलेल्या लोखंडाच्या किसातून गाळून घ्यायचो.

ऐन थंडीतल्या एका रविवारी ट्यूब भरून निघालो, पण मफलर त्यांच्याकडेच राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. शेतकऱ्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. त्या परसात चूल फुंकत बसल्या होत्या. डोळे लाल झालेले, खोकल्यानं धड बोलवत नव्हतं.

“चूल काऊन पेटवली, वहिनी?”

“रविवारी चूलच असते, सर. थंडीत गॅस कमी बनते. तुमी नेल्यावर सांजच्याले पुरत नाही.”

त्यांना दमा होता. डॉक्टरांनी धुरापासून दूर राहा म्हटलं, म्हणूनच नवऱ्यानं टाकी बांधली होती. हे मला तेव्हाच कळलं. पण थंडीत शेण कमी कुजतं, हे रसायनशास्त्राच्या माणसाला कुणी सांगायला हवं होतं?

“मंग मले काऊन नाही सांगितलं?”

“तुमचं शिक्षण चालू हाय. कसं म्हनावं?”

“आता नाही नेणार,” मी म्हणालो.

माझी तीन मोजमापं राहिली होती. उन्हाळ्यापर्यंत थांबलो असतो तर काहीच बिघडणार नव्हतं. पण पुढचे तीन रविवार मी गेलो. फक्त वेळ बदलली. वहिनी भाजी घेऊन बाजाराला गेलेल्या असायच्या तेव्हा जायचो. नवरा घरी असायचा. तोच दगड उचलू लागायचा.

प्रबंध मंजूर झाला. आभारात मार्गदर्शक आले, प्राचार्य आले, ग्रंथालय आलं. देऊळघाट आलं नाही. पेढे घेऊन गेलो, तेव्हा वहिनी ओसरीत मेथी निवडत होत्या. मधूनमधून खोकत होत्या.

“काय शोधलं, सर?”

“गॅस बिनजाळाचा जळते, ते.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि पेढा कपाळाला लावला.

त्या तीन रविवारांचा विषय मी काढला नाही. त्यांनीही विचारलं नाही. रिकाम्या टाकीचं खाली बसलेलं झाकण बाजारातून आल्यावर त्यांना दिसलंच असणार.